मधलं नाव

माझं पूर्ण नाव तीन शब्दांचं आहे. पहिला शब्द माझा, शेवटचा सासरच्या घराण्याचा आणि मधला यांचा. पहिला आणि शेवटचा मी आजवर सांगत आले. मधला नेहमी दुसऱ्या कुणीतरी सांगायचा. रेशन कार्डाच्या वेळी दिरांनी सांगितला, बँकेत लेकीनं, मिरजेच्या दवाखान्यात तर यांनी स्वतःच सांगितला, खाटेवर पडल्यापडल्या.

पासपोर्ट काढायला सांगलीला गेले तेव्हा माझ्याबरोबर धाकटी जाऊ होती. खिडकीपलीकडच्या माणसानं संगणकावरची नजर न काढता विचारलं, "मावशी, पूर्ण नाव सांगा."

मी सांगितलं.

"मधलं ऱ्हायलं की."

मी जावेकडं बघितलं. जावेनं माझ्याकडं बघितलं. तिला थोरल्या दिराचं नाव घेता येत नव्हतं, मला नवऱ्याचं. आम्ही दोघी तशाच उभ्या. त्या माणसानं आता मान वर केली.

"आवं, नवऱ्याचं नाव इचारतोय, पासवर्ड न्हाई."

मागची रांग हसली. मी पिशवीतून आधार कार्ड काढलं आणि मधल्या शब्दावर बोट ठेवून काचेला लावलं. त्यानं वाचलं, टाइप केलं आणि म्हणाला, "तिकडं फ्रान्सात कुठं कुठं बोट लावत हिंडणार?"

तो सहज बोलून गेला. पण बसमध्ये तासगाव येईपर्यंत ते माझ्या डोक्यातून गेलं नाही.

आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं असं सांगतात. यांचं आयुष्य मी नाव न घेताही त्रेचाळिसाव्या वर्षी संपलं, तरी सवय काही गेली नाही. उखाण्यात तेवढं घ्यायची मुभा असते. लग्नात उंबऱ्यावर बायकांनी अडवलं तेव्हा मी घेतलं होतं, इतकं हळू की सासूबाई म्हणाल्या, ही उंबऱ्याला सांगतीया का आमाला. नंतर दर संक्रांतीला हळदीकुंकवात घ्यायची. हे गेले आणि ती बोलावणी थांबली. मग नाव घ्या असं म्हणणारंही कुणी उरलं नाही. त्याला अकरा वर्षं झाली होती.

लेक सांगलीला शिकून इंजिनियर झाली, पुण्यात नोकरीला लागली आणि लग्न होऊन फ्रान्सला गेली. नात झाली तेव्हा बेदाण्याचा हंगाम होता, मला जाता आलं नाही. नात नऊ महिन्यांची झाली आणि लेकीला नवी नोकरी लागली. तिकडं पहिले चार महिने माणसाला पारखून बघतात. पटलं तर पक्कं करतात, नाही तर नमस्कार. ऑफिस सुटायचं सहाला, तेही आगगाडीनं तासभर लांब. नातीच्या पाळणाघरातून साडेचारला मूल न्यावं लागे. जावई सोमवारी दुसऱ्या शहरात कामाला जायचे ते शुक्रवारी यायचे. म्हणून मी जायचं ठरलं, एक वर्षासाठी. व्हिसाच्या अर्जात लेकीनं लिहिलं की आई वर्षभर आमच्याकडं राहील आणि फ्रेंच शिकेल. मला वाटलं, ते लिहिण्यापुरतं असेल.

पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी तिनं मला समोर बसवलं.

"आई, हितं पाळणाघरात असंच कुणाच्या हातात पोरगी देत न्हाईत. जो न्यायला जाईल त्यानं दारात स्वतः आपलं पूर्ण नाव सांगायचं, नातं सांगायचं, ते कागदाशी जुळवून बघतात. आणि पोरीला ताप आला तर तिथल्या बाई फोन करणार, ते तुला कळाय पायजे."

"तू सांगून ठेव की त्यांला."

"सांगितलं. त्या म्हणाल्या, वर्षभर राहणार आहेत ना, मग शिकू देत. शिकल्या की पाठवा. तवर मीच जायचं."

"आणि तुझं ऑफिस?"

"साहेबानं दोन महिने चालवून घेतो म्हणलंय. साडेतीनला उठून जाते मी रोज. दोन महिन्यांनी ही सवलत बंद. मग एकतर तू जायचंस, न्हाईतर मी घरी बसायचं."

ती हे हसत बोलली. पण रोज साडेतीनला सगळे काम करत असताना आपण पिशवी उचलून निघायचं, हे तिला किती जड जात असेल ते मला कळत होतं. तिच्या बापासारखीच आहे ती. फौजेतून सुट्टीवर आले तरी एक दिवस आधी परत जाणारा माणूस.

ते गाव सांगलीएवढं असेल. मधून नदी, नदीवर पूल, पुलापलीकडं वाचनालय. वाचनालयाच्या मागच्या खोलीत परक्या देशातून आलेल्या लोकांसाठी भाषेचा वर्ग चालायचा, मंगळवारी, गुरुवारी आणि शुक्रवारी सकाळी. शिकवायला रेल्वेतून रिटायर झालेले एक मास्तर होते. उंच, पांढरे केस, गळ्यात कायम मफलर. नाव घालायला लेकीनं माझा पासपोर्ट दाखवला होता. तिकडच्या बाईनं आडनाव लिहिलं आणि पुढच्या दोन शब्दांतला एक घेतला. नेमका मधला.

पहिल्या दिवशी मास्तर हजेरी घ्यायला लागले. एकेक नाव घेत, माणूस "प्रेझाँत" म्हणत हात वर करी. मी माझ्या नावाची वाट बघत बसले होते. आणि मास्तरांनी यांचं नाव घेतलं.

मला आधी वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यांनी परत घेतलं, सगळ्यांकडं बघत. यांच्या नावात मधे एक ह आहे. शाळेच्या दाखल्यावर आणि फौजेच्या कागदांवर तेवढा तो ह होता, गावात कुणी तो उच्चारत नसे. सासूबाई मळ्यातून हाक मारायच्या ती ह सोडूनच. मास्तरांनीही तो ह सोडून दिला होता. म्हणजे त्या खोलीत, त्या मफलरवाल्या माणसाच्या तोंडून, बांधावरून मारलेली हाक यावी तसं ते नाव आलं.

मी हात वर केला. काय बोलायचं होतं ते विसरले. शेजारच्या बाईनं माझ्याऐवजी "प्रेझाँत" म्हणून टाकलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं की हे माझं नाव नाही. पण तेवढं फ्रेंच मला येत नव्हतं. पुढं येऊ लागलं तेव्हा सांगावंसं वाटलं नाही. खरं लिहायचं तर मी त्या हजेरीसाठी लवकर जाऊन बसायची. अकरा वर्षांत त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. घरात सगळे "पप्पा" नाही तर "थोरलं" म्हणत. आता आठवड्यातून तीन दिवस ते हजर आहेत का असं कुणीतरी विचारत होतं, आणि मी आहेत म्हणून हात वर करत होते.

भाषा शिकायची माझी पद्धत वेगळी होती. मास्तर फळ्यावर लिहायचे ते मला वाचता येत नसे. चौथीपर्यंत माझ्या माहेरी, साताऱ्याकडच्या गावात शाळा होती, पाचवीला तीन मैल चालत जावं लागे, तिथंच माझी शाळा सुटली. इंग्रजी अक्षरं लेकीच्या अभ्यासात बघितली तेवढीच. म्हणून मी ऐकायचं आणि वहीत आपल्या अक्षरात लिहायचं. बोंझूर. मेर्सी. ला पोर्त म्हणजे दार. बेदाण्याच्या शेडवर निवड करताना मी जसा माल लावायची तसे शब्द लावले. रोज लागणारे एका पानावर, कधीतरी लागणारे दुसऱ्या, आणि ज्यांचा काय उपयोग ते कळत नाही असे शेवटच्या. शेवटचं पान लवकर भरलं.

एक दिवस मास्तरांनी फळ्यावर एक अक्षर काढलं. म्हणाले, हे आपण लिहितो, पण बोलत नाही. मग त्या अक्षराचे शब्द प्रत्येकाकडून म्हणवून घेतले. वर्गातल्या लोकांना ते सोडवेना. लिहिलंय तर म्हणणारच. माझी पाळी आली. मी बघितलं, हा लेकीच्या वहीत बघितलेला ह, आणि तो म्हणायचा नाही. आमची सगळी जिंदगी त्याच्यातच गेली. आमी, तुमी, कवा, तवा. पुण्यात लेकीच्या लग्नात वरपक्षाच्या एका बाईंनी मला तीनदा दुरुस्त केलं होतं, "आम्ही म्हणा, आम्ही." त्यानंतर मी त्या मांडवात तोंडच उघडलं नव्हतं. इथं मी तो शब्द म्हटला आणि मास्तरांनी खडू खाली ठेवून सगळ्यांना सांगितलं, ऐका, असं म्हणायचं. आणि मला परत म्हणायला लावलं.

माझ्या शेजारी बसायची ती बाई पोर्तुगालची होती. दवाखान्यात फरशी पुसायचं काम करायची. तिला बोलता भरपूर यायचं, चुकीचं का होईना. मास्तर माझी वाहवा करत होते तशी ती मला कोपर मारून म्हणाली, "तू गप्प बसून चोरतेस."

"काय चोरते?"

"शब्द. मी बोलते आणि चुकते. तू गप्प बसतेस आणि घरी नेतेस."

ते खरं होतं. घरी गेल्यावर मी भांडी घासताना सगळं म्हणायची. नुसतं माणसांपुढं तोंड उघडत नव्हतं.

सातव्या आठवड्यात मास्तरांनी कुटुंब हा धडा घेतला. आईचं नाव, भावाचं नाव, नवऱ्याचं नाव. प्रत्येकानं एक वाक्य म्हणायचं. पोर्तुगालच्या बाईनं नवऱ्याचं नाव सांगून वर तो आळशी आहे हेही सांगितलं. मग मास्तर माझ्याकडं वळले. यांच्याच नावानं मला हाक मारली आणि विचारलं, "तुमच्या नवऱ्याचं नाव काय?"

मी गप्प.

त्यांना वाटलं कळलं नाही. त्यांनी सावकाश विचारलं. मग मोठ्यानं विचारलं. मग बोटातली अंगठी दाखवून विचारलं. मी मान हलवली, कळलं म्हणून. मास्तर आणखी गोंधळले. शेवटी शेजारीण पुढं झाली आणि आकाशाकडं हात करून म्हणाली, "तो वर गेला." मास्तरांचा चेहरा पडला. त्यांनी माझी माफी मागितली, दोनदा. सगळा वर्ग माझ्याकडं दुःखानं बघायला लागला.

मला सांगायचं होतं की तसं नाही. ते गेले म्हणून मी गप्प नाही. तुम्ही आत्ता हाक मारलीत तेच त्यांचं नाव आहे. पण हे मला मराठीतही नीट सांगता आलं नसतं.

त्या आठवड्यात वर्गाकडून हजेरीचा कागद घरी आला. व्हिसाच्या फाइलीला तो लागतो. लेकीनं उघडला, वाचला आणि खुर्चीवर बसली.

"आई, हितं पप्पांचं नाव हाय."

"व्हय."

"नुसतं पप्पांचं. तुझं न्हाईच. वर्गात तुला काय म्हणत्यात?"

मी कागदावरच्या त्याच नावावर बोट ठेवलं.

"म्हणजे दीड महिना पप्पा फ्रेंच शिकायल्यात?" ती हसायला लागली. हसता हसता तिनं ओढणीनं डोळे पुसले. मग फोन हातात घेतला. "मी आत्ता मास्तरांना सांगते, चूक झालीया म्हणून."

"नको."

"का नको?"

"ऱ्हाऊ दे. काय बिघडलंय."

तिनं फोन ठेवला. "आई, पाळणाघरात हेच इचारणार हायत. पूर्ण नाव. तिथं मास्तर नसणार हाक मारायला, तुलाच सांगावं लागणार."

"मी माझं आणि आडनाव सांगीन."

"कागदावर तिन्ही हायत. जुळाय पायजे."

"मग पासपोर्ट दाखवीन."

"ते म्हणतात तोंडानं सांगा. पासपोर्ट दाखवून फोनवर थोडंच बोलता येतंय." ती जरा नरम झाली. "उखाणा घे की मग. फ्रेंचमधी घे. दारातल्या बाईला वाटंल, हिंदुस्थानात अशीच वळख देत्यात."

आम्ही दोघी हसलो. पण मी मनात खरंच जुळवून बघितला. रविवारी पुलावरून येताना, बाबागाडी ढकलत. ला पोर्त आणि कॅरोत, म्हणजे दार आणि गाजर, काही केल्या जुळेना.

पुढच्या सोमवारी लेक मला पाळणाघरात घेऊन गेली, परीक्षेला म्हणा. मुख्य बाई दारात आल्या. कुरळे केस, गळ्यात चष्मा, अंगावर कुठं कुठं बाळांची लाळ. मायेच्या वाटल्या. त्यांनी लेकीला जरा मागं राहायला सांगितलं आणि मला विचारलं, "बोंझूर मादाम, तुमचं नाव?"

मी माझं सांगितलं. आडनाव सांगितलं.

त्यांनी कागदावर बोट फिरवलं. बोट मधे थांबलं. "आणि?"

मी तोंड उघडलं. ते नाव जिभेवर होतं. रोज ऐकत होते, त्यामुळं कसं म्हणायचं हेही कळत होतं. पण आवाज निघाला नाही. बाईंनी मान तिरकी करून वाट बघितली. काचेपलीकडं माझी नात बसली होती, मला बघून हात हलवत होती. तरीही निघाला नाही.

"नातं?" बाईंनी विचारलं.

"ग्राँ-मेर," मी म्हटलं. आजी. ते स्पष्ट म्हटलं.

बाईंनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि लेकीला सांगितलं, शुक्रवारी परत आणा. घाई नाही. घाई आम्हालाच होती. लेकीच्या साहेबानं दिलेले दोन महिने त्याच शुक्रवारी संपत होते.

घरी आल्यावर लेकीनं दार लावलं. नातीला खाली ठेवून तिनं मोजे काढले आणि मग म्हणाली, "मी तुझ्यावर चिडलेली न्हाई."

"चिड की. मी असते तर चिडले असते."

"मला एवढंच कळत न्हाई, आता काय व्हणार हाय नाव घेतल्यानं? जे व्हायचं ते होऊन गेलं की आई."

मी त्या दिवसांत खूप विचार केला. मला भीती नव्हती. भीती असती तर कुणीतरी समजूत घालून घालवली असती. मग काय होतं? मला वाटतं, त्यांचं म्हणून मी जपलेलं तेवढंच एक उरलं होतं. फौजेची पेटी दिरांनी नेली, कपडे वाटून टाकले, मोटारसायकल विकली. नाव न घेणं मात्र रोज करता येत होतं. ते मोडलं की मग त्यांच्यासाठी करायचं असं काही उरणार नाही, असं काहीतरी. लेकीला हे सांगितलं नाही.

मंगळवारी वर्ग झाला. मास्तरांनी हाक मारली, मी हात वर केला. गुरुवारी मास्तर आले नाहीत. त्यांना सर्दी झाली होती. त्यांच्या जागी एक तरुण मुलगी आली, टोपी पार डोळ्यांपर्यंत ओढलेली. तिच्याकडं हजेरीची नवी यादी होती, ऑफिसातून पासपोर्टांशी ताडून नीट छापून आणलेली.

ती एकेक नाव वाचत गेली. माझ्या वेळी तिनं माझं नाव घेतलं. माझं स्वतःचं, आईबापानं ठेवलेलं, आणि पुढं आडनाव. बरोबर वाचलं तिनं. काही चुकलं नाही.

पण मी हात वर केला नाही. शेजारणीनंही इकडंतिकडं बघितलं, तिला ते नाव माहीतच नव्हतं. मुलीनं परत वाचलं. कुणीच बोलेना तशी तिनं पेन टेकवलं, गैरहजर लिहायला.

दोन महिने मी दर वर्गाला त्यांना हजर म्हणत आले होते. आणि आज यादीत ते नव्हते. कुणी विचारलंच नाही.

मी हात वर केला. म्हटलं, "मादाम, अजून एक नाव आहे."

"कुठलं?"

"मधलं." आणि मी ते घेतलं.

मोठ्यानं निघालं. वर्गातल्या सगळ्यांना ऐकू गेलं असणार, कारण मागं बसलेल्यांनी मान वर केली. ह सोडून घेतलं, गावात घेत तसं.

मुलगी यादीवर वाकली. "लिहून द्याल?"

मी फळ्यापाशी गेले नाही, तिच्या टेबलापाशी गेले आणि आधी आपल्या अक्षरात लिहिलं. मग हसू आलं, की हिला हे वाचता येणार नाही. पासपोर्ट काढून त्यावर बोट ठेवलं. पण ते लिहून घेण्यापुरतं. सांगून झालं होतं.

जागेवर आले तर शेजारीण माझ्याकडं तोंड उघडं टाकून बघत होती. "मग तुझं नाव काय आहे? हे की ते?"

"ते माझं. हे माझ्या नवऱ्याचं."

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग तिनं विचारलं, "आणि आम्ही सगळे तुला त्याच्या नावानं हाक मारत होतो? दोन महिने?"

"हो."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"मला आवडत होतं," मी म्हटलं. भूतकाळ चुकला, पण तिला कळलं. ती काही थट्टा करील असं वाटलं होतं. तिनं फक्त माझी वही स्वतःकडं ओढली आणि शेवटच्या पानावर, त्या बिनउपयोगी शब्दांच्या खाली, तिच्या अक्षरात दोन्ही नावं लिहिली. म्हणाली, मला पाठ करायची आहेत.

घरी आल्यावर लेकीला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती आशेवर राहिली असती, आणि दारात परत आवाज निघाला नाही तर?

शुक्रवारी सकाळी मी म्हटलं, "तू आज साडेतीनला निघू नको. मी जाते."

"मी आले असते की दारापर्यंत."

"तू मागं उभी असलीस की मी तुझ्याकडं बघते. मग तूच सांगशील असं वाटतं."

तिनं मान डोलावली. जाताना दोनदा मागं वळून बघितलं.

साडेचारला पाळणाघराच्या दारात चारपाच पोरांच्या आया उभ्या होत्या. एकीमागं एक आत जात होत्या. मुख्य बाई नव्हत्या. दुसरीच होती, गोरीपान, माझ्या लेकीच्या वयाची, मला कधी न बघितलेली. तिनं हातात कागद घेतला, विचारलं, "बोंझूर. आपण?"

मी माझं नाव सांगितलं. यांचं सांगितलं. आडनाव सांगितलं. सलग, एका दमात, जशी कागदावर आहेत तशी तिन्ही. मग म्हटलं, "ग्राँ-मेर."

तिनं कागदावर खूण केली. एवढंच. तिला काय ठाऊक. ती आत गेली आणि नातीला घेऊन आली. नातीच्या केसांत काहीतरी चिकटलं होतं. ती भराभरा बोलायला लागली, दुपारी काय खाल्लं, किती झोपली. मला त्यातलं गाजर कळलं, दोन तास कळलं, खोकला नाही हेही कळलं. मी एकदा मधे थांबवून विचारलं, "परत सांगा, सावकाश." तिनं परत सांगितलं. नातीला उद्यासाठी जास्तीचे मोजे आणायचे होते. मग लक्षात आलं, उद्या शनिवार. मी म्हटलं, "सोमवारी." ती हसली, "हो हो, सोमवारी."

बाहेर येऊन नातीला बाबागाडीत बसवलं, पट्टा लावला आणि फुटपाथच्या कडेला उभं राहून लेकीला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"दिली?"

"दिली. मोजे आण म्हणल्यात."

"नाव इचारलं?"

"व्हय."

"तिन्ही सांगितलंस?"

"तिन्ही."

पलीकडं कुणीतरी तिला काहीतरी विचारलं, तिनं फ्रेंचमध्ये थांब म्हटलं. मग हळू आवाजात म्हणाली, "आई, मी पप्पांचं नाव तुझ्या तोंडून उखाण्याबिगर कधीच ऐकलेलं न्हाई. एकदा घे की."

"हितं? रस्त्यात?"

"हितं कुणाला कळतंय."

मी घेतलं. ट्राम जात होती, म्हणून जरा मोठ्यानं घ्यावं लागलं. नातीनं मान वर करून बघितलं, तिलाच हाक मारली असं तिला वाटलं असावं.

लेक नाक ओढून म्हणाली, "बरं. मी आता मीटिंगला जाते. सव्वासहाची गाडी धरून येते. तू जेवायचं बघ."